अस्तरातली मिटलेली छत्री

मित्रांनो, मला इथे उलटा टांगला आहे. आतली बाजू बाहेर आणि बाहेरची आत. संग्रहालयाच्या काचेच्या पेटीत, दोन्ही बाह्यांतून आडवा बांबू घालून, पाठ तुमच्याकडे करून. तरुणपणी मला कोणी असा टांगला असता तर मी लाजेने विटलो असतो. आता सवय झाली आहे. काल एक शाळा येऊन गेली. एका मुलीने काचेला नाक लावून बाईंना विचारले, की हा माणूस भर पावसात पळतोय, हातात छत्री आहे, मग ती उघडत का नाही? बाई पाटी वाचू लागल्या. पाटीवर ते लिहिलेले नाही.

आणि आज सकाळी दुसरेच संकट उभे राहिले. हिसाए-सान नावाची मुलगी आमची देखभाल करते. पांढरे हातमोजे घालते, अतिशय सभ्य आहे. तिने माझी डावी बाही निरखली, तिथल्या चुण्या पाहिल्या आणि हळहळून म्हणाली, "बिचारा. कुठेतरी चेंगरून ठेवलेला दिसतोय. सोमवारी वाफ देऊन काढून टाकते." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आज शुक्रवार आहे. म्हणून जे सांगायचे ते मी भराभरा सांगणार आहे, मध्ये अडवू नका.

मी एक जुना हाओरी आहे. किमोनोवर घालायचा, समोरून उघडा, छातीशी गोंड्याच्या दोरीने अडकवायचा रेशमी डगला. बाहेरून मी काळा कुळकुळीत. माझे रेशीम आधी निळीत बुडवले, मग काळ्या रंगात. नुसते काळ्यात बुडवलेले कापड चार वर्षांत तांबूस मारते. खाली नीळ असली की काळा काळाच राहतो. त्या काळ्यावर पाच ठिकाणी आलूबुखाराचे एकेक पांढरे फूल आहे. एक पाठीवर, दोन बाह्यांवर, दोन छातीवर. ती घराण्याची खूण. बस, बाहेरून एवढेच.

आमच्याकडे पुरुषाने बाहेरून भपका करायचा नाही. फार पूर्वी सरकारने व्यापाऱ्यांना भरजरी कपडे बंद केले होते. त्या बेरकी लोकांनी काय केले, वरून साधा डगला चढवला आणि सगळी हौस अस्तरात लपवली. ते सरकार गेले, बंदी गेली, पण हौस अस्तरातच राहिली. जो खरा शौकीन, त्याचे अस्तर त्याच्या डगल्याहून महाग. आणि ते दिसणार केव्हा, तर डगला अंगातून उतरताना, तेही क्षणभर. मला स्वतःला ही पद्धत फार आवडते. ज्याला पाहायचे आहे त्याने डोळे उघडे ठेवावेत.

माझे अस्तर क्योतोत किसाबुरो नावाच्या रंगाऱ्याने रंगवले. तोक्योहून मागणी आली होती. पत्र पाठवणारे होते उमेनोया सेइशू, त्या काळचे नावाजलेले कथाकार. आमचे कथाकार तुम्हाला ठाऊक आहेत ना? एकटा माणूस उशीवर गुडघे मोडून बसतो, हाती एक पंखा आणि एक रुमाल, आणि सासू, सून, चोर, शिपाई सगळे तोच होतो. तर सेइशूंनी पत्रात मोजकेच लिहिले होते. पाऊस. लाकडी पूल. त्यावरून पळणारा माणूस, हातात छत्री. छत्री मिटलेली हवी. किसाबुरोने उलट विचारले की पाऊस आहे तर मिटलेली का. उत्तरात एकच ओळ आली, "मिटलेलीच."

किसाबुरोचे वडील योहेइ हे जुन्या वळणाचे चित्रकार. देवळांचे सरकते दरवाजे रंगवण्यात त्यांचे आयुष्य गेले. पोरगा विशीत घरातून पळाला तो तेलरंग शिकायला, पश्चिमेच्या पद्धतीने. तीन वर्षांनी परतला तेव्हा योहेइ त्याला एवढेच म्हणाले, की जेवून घे. पण ते विसरले नव्हते. किसाबुरोने बांबूच्या काटक्यांनी माझे पांढरे रेशीम ताणून बसवले की म्हातारा कोपऱ्यात चहा घेऊन बसायचा आणि बोचऱ्या शब्दांचा मारा सुरू करायचा.

पहिल्यांदा आले ढग. ते वडिलांच्याच पद्धतीचे. ओल्या शाईच्या थारोळ्यात दुसरा रंग सोडायचा आणि हात मागे घ्यायचा. पुढे रंगाने काय करायचे ते रंगाने ठरवावे. जुन्या सोनेरी पडद्यांवरच्या झाडांची खोडे अशीच रंगवलेली असतात. म्हातारा खूश झाला. मग किसाबुरोने पूल घेतला आणि तो लांब जाता जाता निमुळता केला, पलीकडचा काठ अंगठ्याएवढा लहान, खाली पाण्यात पुलाची सावली. हे तेलरंगवाल्यांकडून आलेले. म्हाताऱ्याने चहा खाली ठेवला. पुलाच्या कठड्याला मग किसाबुरोने विजेसारखी धारदार, कोनाकोनांची वळणे दिली. तोक्योच्या मोठ्या दुकानांच्या जाहिरातींत तेव्हा सगळीकडे हीच फॅशन होती. म्हातारा उठून उभाच राहिला.

"तीन घरचे आचारी एका चुलीवर उभे केलेस," योहेइ म्हणाले. "जेवणार कोण हे?"

"तुम्ही नका जेवू, बाबा. पाहा फक्त."

राहिला पाऊस. तो किसाबुरोला जुन्या एदो शहराच्या छापील चित्रांसारखा हवा होता. बारीक, तिरक्या, सरळ रेघा. छापणाऱ्याला ते लाकडात कोरता येते, चुकले तर दुसरी फळी घेता येते. रेशमावर मात्र रेघ एकदाच पडते. लांब केसांचा कुंचला, एक श्वास, एक रेघ. अशा शंभरावर रेघा. हात थरथरला की तीन महिन्यांचे काम वाया. मित्रांनो, मी तिथे ताणलेला पडून होतो आणि प्रत्येक रेघेला मला वाटायचे की आता गेलो. म्हाताऱ्याचे टोमणे बंद झाले होते. तोही श्वास रोखून बसला होता, आणि शेवटच्या दहाएक रेघा राहिल्या असताना त्या रोखलेल्या श्वासाचा त्याला ठसका लागला.

रेघ वाकली. पळणाऱ्या माणसाच्या छत्रीपाशी येऊन ती एकीकडे झुकली. किसाबुरोचे ओठ पांढरे पडले होते. मग म्हातारा हळूच जवळ आला, वाकून पाहू लागला, आणि म्हणाला, "वारा सुटलाय वाटतं." किसाबुरोने आणखी दोन रेघा मुद्दाम तशाच वाकवल्या. त्याने वडिलांना शिव्या दिल्या नाहीत याचे मला अजून नवल वाटते.

सेइशूंनी मला स्वतःसाठी शिवून घेतला नव्हता. त्यांचा शिष्य कोहान त्या वसंतात पुरा कथाकार म्हणून जाहीर व्हायचा होता, आणि अशा वेळी गुरूने शिष्याला घराण्याच्या खुणेचा हाओरी द्यायचा असतो. कोहानने मला दोन्ही हातांनी घेतले, कपाळ चटईला टेकवले, मग घडी उलगडून अस्तर पाहिले. आणि त्यानेही तेच विचारले. गुरुजी, याने छत्री का मिटलीय?

"ते तू सांग," सेइशू म्हणाले. "ज्या दिवशी सांगशील त्या दिवशी तुझ्याजवळ तुझी एक कथा असेल. माझ्या चोवीस तर तू पोपटासारख्या म्हणतोसच."

हे त्याला लागले, कारण ते खरे होते. कोहान सेइशूंच्या कथा हुबेहूब सेइशूंसारख्या सांगायचा. तीच खोकल्याची जागा, तीच भुवई. लोक त्याला 'छोटे सेइशू' म्हणायचे आणि त्याला ते कौतुक वाटायचे नाही. सात वर्षे तो मला घालत होता. रोज घडी करताना त्या पळणाऱ्या माणसाकडे बघायचा, कधी पुटपुटायचा, छत्री फाटकी असेल, छत्री उधारीची असेल. मग स्वतःच मान हलवायचा. एकही उत्तर त्याने गुरूंपुढे नेले नाही.

सातव्या वर्षी सेइशूंना झटका आला. उजवे अंग लुळे पडले, जीभ जड झाली. चोवीस कथांपैकी किती उरल्या ते कोणालाच ठाऊक नव्हते. ते घरात भिंतीकडे तोंड करून एकेक घोकायचे आणि बायको, ओरित्सु, आत आली की गप्प व्हायचे.

आता जो दिवस मी सांगणार आहे त्याची एक रीत आधी समजून घ्या, नाहीतर तुम्हाला माझी घालमेल कळणार नाही. आमचा कथाकार इकडतिकडच्या गप्पांनी सुरुवात करतो. मुख्य कथेला हात घालताना हाओरी उतरवून मागे सारतो. पण नंतरचा कथाकार अजून आलेला नसेल, तर तो हाओरी रंगमंचाच्या कडेला, पडद्याआडच्या माणसाच्या हाताला लागेल असा टाकतो. आणि बोलत राहतो. पुढचा माणूस येऊन पोचला की आतून कोणीतरी तो हाओरी हळूच ओढून घेतो. कडेची जागा रिकामी दिसली की बोलणाऱ्याने समजायचे, आता आवरायला हरकत नाही. हाओरी पडून आहे तोवर उठायचे नाही. म्हणजे मी नुसता डगला नव्हे, मी निरोप आहे.

जानेवारीतले दहा दिवसांचे खेळ होते, दुपारचे. थिएटरच्या दारावर सेइशूंचे नाव सर्वांत शेवटी, म्हणजे सर्वांत मानाच्या जागी, टांगलेले होते. डॉक्टर नको म्हणत होते, सेइशू येतो म्हणत होते. नऊ दिवस ते आले नाहीत. नऊ दिवस कोहानने त्यांच्या आधी बसून, त्यांच्या वतीने लोकांची माफी मागून, खेळ संपवला. दहाव्या दिवशी सकाळी मालकाने कोहानला बाजूला घेतले. माणूस वाईट नव्हता, पण लोक तिकिटाचे पैसे परत मागू लागले होते. तो म्हणाला, आज आले नाहीत तर उद्या त्यांच्या नावाची पाटी मी उतरवणार, आणि पुन्हा टांगणार नाही. कोहानने ओरित्सुला निरोप धाडला. उत्तर आले की निघालोच, ट्राममध्ये बसतोय, टॅक्सी त्यांना नको आहे.

साडेतीनला कोहान रंगमंचावर गेला. बाहेर कोरडे कडक ऊन होते, आत तीनशे माणसे. त्याने एक मोठी कथा घेतली, गुरूंचीच, पण अशी की जी दम लागणारी म्हणून सेइशूंना आता कधीच झेपली नसती. मला उतरवून कडेला टाकले. मी काळी बाजू वर करून पडलो आणि वाट बघू लागलो.

पंधरा मिनिटे झाली. वीस झाली. पडद्याआडून कुजबुज ऐकू आली की मोठ्या रस्त्यावर विजेची तार तुटली आहे, ट्राम जागच्या जागी उभ्या आहेत. कोहानला ते ऐकू गेले नाही. तो कथेतल्या प्रत्येक पात्राला जास्तीचा एक घोट चहा पाजत होता, प्रत्येक भांडण दोनदा घडवत होता, आणि त्याचा डोळा दर घडीला माझ्याकडे यायचा. मी जागचा हललो नव्हतो.

आणि मग मला कोणीतरी ओढले.

हात मऊ होता, घाई नव्हती. मी सरकत पडद्याआड गेलो आणि पाहतो तर कोण, ओसाए. ही बाई तीन दिवसांपूर्वी चहापाण्याच्या कामाला लागली होती. आधी अठरा वर्षे एका मोठ्या सराईत होती. सराईत जमिनीवर पडलेला कपडा म्हणजे पाप; तो दिसला की हिचे हात शिवशिवणार. तिने मला गुडघ्यांवर घेतले, बाही बाहीला जुळवली, शिवण शिवणीवर आणली आणि अतिशय सुरेख घडी घालू लागली. माझी इतकी नेटकी घडी आयुष्यात कोणी घातली नाही. आणि मी आतल्या आत ओरडत होतो, बाई, मला टाक, मला परत टाक.

बाहेर कोहानने रिकामी जागा पाहिली. मला त्याचा आवाज ऐकू येत होता, तो एकदम हलका झाला. गुरुजी आले होते. त्याने तीन वाक्यांत सगळी भांडणे मिटवली, शेवटची ओळ टाकली, लोक हसले, आणि त्याने खाली वाकून नमस्कार केला. आता आतून शमिसेन, आमचे तीन तारांचे वाद्य, वाजायला हवी होती. प्रत्येक कथाकाराची स्वतःची धून असते, आणि सेइशूंची धून वाजवायला जाळीमागे ओतोरा बसली होती. साठी उलटली तरी सगळे तिला ताईच म्हणत. चुकून आजी म्हणणाऱ्याची धून महिनाभर बेसूर वाजायची. तिने वाजवायला हात उचलला, सवयीने दाराकडे पाहिले. दारात सेइशू नव्हते. मग तिने ओसाएच्या मांडीकडे पाहिले.

"हे तू ओढलंस?" ओतोराने विचारले.

"पडला होता, ताई. लोक तुडवतील म्हणून."

रागवायला वेळच नव्हता. बाहेर कोहान वाकलेला, तीनशे माणसे गप्प, धून नाही. तिने मला उचलले, ती सुरेख घडी एका झटक्यात मोडली आणि मला परत रंगमंचावर भिरकावून दिले.

असे त्या थिएटरात कधी झाले नव्हते. गेलेला हाओरी परत येत नसतो. मी फडफडत पडलो आणि या खेपेला उलटा पडलो, अस्तर वर. लोकांत कोणीतरी फिसकन हसले. कोहानने मान वर केली. मी त्याचा चेहरा पाहिला. काय झाले ते त्याला कळले होते, आणि कथा तर संपून गेली होती.

तो पुन्हा उशीवर बसला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मंडळी, यालाही आत कोणी भेटलं नाही वाटतं."

हशा झाला, पण तो किती पुरणार. मागच्या बाकावरून एकाने विचारले, की सेइशू येणार आहेत की दहावा दिवसही असाच? बाजूच्या दाराशी मालक येऊन उभा राहिला होता, हाताची घडी घालून.

तुम्ही म्हणाल, मग सांगायची दुसरी एखादी कथा, तेवीस उरल्या होत्या की. नाही मित्रांनो. आमच्यात एकदा सांगितलेली कथा त्या दिवशी पुन्हा कोणी सांगत नाही. नंतरच्या माणसाने ती सोडून द्यायची. सेइशूंच्या डोक्यात त्या तेवीसपैकी एखादीच धड उरली असेल, आणि ती कोणती हे कोहानला ठाऊक नव्हते. त्याने तोंड उघडून नेमकी तीच सांगितली तर? मग गुरुजी येऊनही न आल्यासारखेच. त्याच्या पोटात चोवीस कथा होत्या आणि त्यातली एकही त्याला उच्चारता येत नव्हती. त्याचे कान लाल झाले. त्याने रुमालाने कपाळ पुसले, पंखा हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. लोक खाकरू लागले. दोघे तर उठून चालूही लागले.

मग त्याने माझ्याकडे पाहिले, आणि बुडणारा माणूस काठाकडे पाहतो तसे पाहिले. पळणारा माणूस वर तोंड करून होता. त्याच्या छत्रीपाशी पावसाची रेघ वाकली होती. कोहानची नजर त्या वाकड्या रेघेवर थांबली. सात वर्षांत ती त्याने पाहिली नव्हती.

"वारा आहे," तो स्वतःशीच म्हणाला, पण पहिल्या तीन रांगांना ऐकू गेले.

आणि तो पळू लागला. बसल्या जागी, गुडघे मोडलेले, पण खांदे असे हलत होते की फळ्यांवरचे पाणी उडताना दिसावे. मिटलेला पंखा त्याने बगलेत छत्रीसारखा धरला. पुलावर त्याला भेटायला माणसे येऊ लागली. एक मासेवाला म्हणाला, अरे शहाण्या, हातात काय आहे बघ. एक शिपाई म्हणाला, चोरीची असेल, म्हणून लपवतोय. एका म्हातारीने तर त्याला थांबवून छत्री उघडायची कशी याचा धडाच दिला, खाली धर, वर ढकल, खटका लागला की सोड. लोक पोट धरून हसू लागले. उठून चाललेले दोघे दाराशी थबकले. आणि यात सेइशूंचे काहीच नव्हते. ती भुवई नव्हती, तो खोकला नव्हता. आवाज थोडा चिरका होता, कोहानचा स्वतःचा. मी तो पहिल्यांदा ऐकत होतो.

मला मात्र हसू येत नव्हते. माझी कड पडद्याला लागून होती आणि कोणी ओढत नव्हते. पूल संपत आला होता. पुलाच्या टोकाला एक नावाडी बसला होता, त्याने पळणाऱ्याला सावकाश विचारले, की बाबा रे, तेवढे सांगून जा, उघडत का नाहीस?

कोहान थांबला. इथपर्यंत तो पळत आला होता, पण उत्तर त्याच्याजवळ नव्हते, हे फक्त मलाच माहीत होते. त्याने पंखा बगलेतून काढून समोर धरला आणि त्याच्याकडे पाहत राहिला. माणसे हसायची थांबली. कोणीही खाकरले नाही.

"उघडली तर वारा धरते, पाय अडखळतात," पळणारा माणूस दम घेत म्हणाला. "आणि मी तर भिजलोच आहे, काका. ज्यांना न्यायचीय ते अजून कोरडे आहेत. वाट बघतायत."

कोहानचा आवाज शेवटच्या शब्दाला फुटला. आणि तेव्हा मला डाव्या बाहीला ओढ लागली.

ही ओढ ओसाएची नव्हती. एक हिसका, मग थांबणे. पुन्हा हिसका, पुन्हा थांबणे. मी वीतभर सरकलो, अडकलो, पुन्हा सरकलो. ओढणाऱ्याची मूठ एवढी घट्ट होती की माझे रेशीम कुरकुरले. पडद्याआड गेलो तेव्हा पाहिले, सेइशू जमिनीवर बसले होते, पाय फाकलेले, घाम निथळत होता, आणि त्यांच्या एकाच चालत्या हाताच्या मुठीत माझी बाही होती. ट्राम अडकल्यावर ते ओरित्सुच्या खांद्यावर हात टाकून दोन थांबे चालत आले होते.

कोहान नमस्कार करून आत आला आणि दारातच खाली बसला. त्याला वाटले गुरुजी आत्ताच आले. ओतोरा जाळीमागून म्हणाली, "मासेवाला आला तेव्हाच पोचलेत. मी हात लावायला गेले तर हातावर चापटी मारली. ओढू देईनात. म्हणे, ऐकू दे."

सेइशूंनी त्याच्याकडे पाहिले, जड जिभेने एकेक शब्द शोधत ते म्हणाले, "मलाही... ठाऊक नव्हतं. का मिटलीय ते."

मग ओतोराने धून सुरू केली. सेइशूंच्या अंगावर हाओरी नव्हता, एका हाताने चढवता आला नव्हता. कोहानने मला त्यांच्या खांद्यांवर घातले. फूल तेच होते, माप थोडे सैल झाले. मूठ मात्र बाही सोडेना; कोहानने दोरी बांधेपर्यंत त्यांनी ती तशीच धरून ठेवली. मग कोहानने आपला मिटलेला पंखा दोन्ही हातांवर ठेवून त्यांच्यापुढे धरला. पंखा कोरडा होता. सेइशूंनी तो घेतला.

ते चारच मिनिटे बसले. लहान मुलांना सांगतात तशी एक छोटी कथा, एकुलती एक उरलेली. तीही मध्ये दोनदा अडली, आणि दोन्ही वेळा लोक थांबून राहिले. शेवटी नमस्काराच्या आधी त्यांनी एका हाताने पंखा उघडला, खटकन, आणि डोक्यावर धरला. लोकांच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते हसत होते. मालकाने पाटी उतरवली नाही. मार्चमध्ये सेइशू गेले तेव्हा ती तिथेच होती.

पुढचे आयुष्य सगळ्या जुन्या वस्तूंचे असते तसेच. कोहानने मला आणखी वीस वर्षे घातले. लढाईत मी चहाच्या पत्र्याच्या डब्यात जमिनीखाली होतो, म्हणून वाचलो. त्याच्यानंतर घरात किमोनो कोण घालणार. मी खणात पडलो, उजव्या खांद्याला कसर लागली, मग देवळाच्या आवारात जुन्या बाजारात चटईवर आलो. एक परदेशी बाई मला उलटा करून न्याहाळत म्हणाली की केवढे सुंदर आहे, हे आत का लपवले. मला तिचे हसू आले. तिथून इथे. पाटीवर ढगांबद्दल लिहिले आहे, पुलाबद्दल, तेलरंग आणि छापील चित्रांबद्दल, सगळे बरोबर लिहिले आहे. किसाबुरोचे नाव आहे. म्हाताऱ्याच्या ठसक्याचे नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. त्यांना ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, चटईवर फेकू नका. हिसाए-सान करते ते सगळे चांगले आहे, तिचे हात मायेचे आहेत. पण स्वच्छ करण्याआधी एकदा विचारावे, ही खूण कोणाची. कोहानने त्या बाहीला कधी इस्त्री लावू दिली नाही. बाकी सगळ्या डगल्याला लावायचा, तेवढी बाही सोडायचा.

मला ओरडता येत नाही, तुम्ही पाहिलेच. तेव्हा तुमच्यापैकी कोणी सोमवारच्या आत इकडे आले, तर त्या मुलीला माझा एवढा निरोप द्या. डावी बाही चेंगरलेली नाही म्हणावे. तिथे अजून गुरुजींनी धरले आहे.